खंडेनवमीचा खट्ट आवाज

"ए राज, मागे हो! पाय लागेल पान्याला!"

निकिताने धाकट्या भावाची कॉलर धरून त्याला मागे खेचलं. रंगनाथकाकांच्या गॅरेजमध्ये त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. खंडेनवमी होती ना! एरवी तेलाने माखलेले पाने, हातोड्या, पकडी सगळं घासूनपुसून पाटांवर मांडलं होतं. प्रत्येकावर हळदीकुंकू, वर झेंडूची फुलं! गुरुजी नुकतेच गेले होते आणि धुपाचा वास अजून रेंगाळत होता.

"ताई, ते बघ!" राज फिदीफिदी हसत म्हणाला. "यांनी हेअरपिनची पण पूजा केलीय!"

खरंच की! दोन मोठ्या पान्यांच्या मधोमध बोटाएवढी, दोन पायांची एक लोखंडी पिन पडली होती. तिलाही कुंकवाचा ठिपका लागला होता.

"दात काढू नकोस. असेल काहीतरी कामाची," निकिता म्हणाली.

तिकडे पप्पा घाईत होते. "झाली का गाडी, रंगनाथ?"

"झाली म्हंजे काय, एकदम ओके!" रंगनाथकाकांनी प्रसादाचं खोबरं हातावर ठेवलं. "चंदर सकाळपास्नं तिच्याखालीच होता. नवा पार्ट बसवलाय त्यानं. जा घेऊन."

"चंदर कुठंय?"

"पूजा झाली आन् एसटी धरून गेला नांदगावला, घरी. आता उद्या सकाळपर्यंत आमच्याकडं पान्याला हात लागायचा नाय बरं का! आज अवजारांची सुट्टी!"

पप्पांना तरी कुठे थांबायला वेळ होता! मखमलाबादला त्यांच्या मळ्यात पहाटेपासून झेंडू तोडायचं काम चाललं होतं. दुपारी चार वाजता पिकअप भरून निघायचं, कसारा घाट उतरायचा आणि दसऱ्याचा बाजार उघडायच्या आत कल्याण गाठायचं. वर्षाचा सगळा जीव या एका फेरीत अडकलेला असायचा. शिवाय यंदा पप्पांबरोबर जायचा नंबर राजचा होता. गेल्या वर्षी निकिता जाऊन आली होती, तेव्हा हे साहेब दोन दिवस तोंड फुगवून बसले होते. आज मात्र स्वारी सकाळपासूनच बूट घालून तयार!

गाडी गॅरेजमधून बाहेर पडली. पप्पांनी उजवीकडे वळण घेतलं आणि...

खट्ट!

निकिता दचकली. आवाज नुसता कानांनी ऐकला नव्हता, तो तिच्या तळपायांना जाणवला होता.

"पप्पा, काय वाजलं?"

"मागं रिकामे क्रेट आहेत, ते वाजले."

पुढच्या चौकात डावीकडे वळण. खट्ट!

"पप्पा, परत!"

"अगं, क्रेट आहेत ते! नाहीतर स्टेपनी असेल. आत्ता दुरुस्त करून आणलीय ना गाडी?" असं म्हणून पप्पांनी गाण्यांचा आवाज वाढवला. झालं! मोठ्या माणसांचा हा उपाय फार नामी असतो. आवाज आला की त्याच्यावर दुसरा आवाज टाकायचा!

घरी पोहोचल्यावर मळ्यातल्या बायकांनी रिकामे क्रेट उतरवून फुलांकडे नेले. पप्पा पहाटेपासून उभे होते, ते घटकाभर खाटेवर पडले. निकिताला मात्र चैन पडेना. ती तडक शेजारच्या सनीकडे गेली. सनी आठवीत होता, आणि आपल्याला सगळं कळतं यावर त्याचा पूर्ण विश्वास होता.

"स्टेपनीच!" सनीने तिथल्या तिथे निकाल दिला. "आमच्या मामाच्या गाडीची पण वाजायची."

"न बघताच?"

"अनुभव असतो एकेकाला!"

"मग चल, तुझा अनुभव तपासू. राज, पप्पांकडून चावी आण. गाणी लावायचीत म्हण."

राजने कमरेवर हात ठेवले. "मला कळतंय हां ताई! माझा नंबर लागला म्हणून तुला जळतंय. गाडी बिघडली म्हणायचं आणि माझं जाणं रद्द करायचं! मी नाही आणणार जा!"

"अरे गाढवा, तूच बसणार आहेस ना त्या गाडीत? म्हणून तर बघतेय मी!"

राजने कमरेवरचे हात काढले. मग पाय आपटत गेला आणि चावी घेऊन आला. पप्पांनी डोळेसुद्धा न उघडता दिली होती.

पिकअप अंगणात सपाट जागेवर उभी होती. हँडब्रेक ओढलेला होता. तरी निकिताने चारही चाकांना दगड लावायला लावले. "इंजिन चालू करायचं नाही. कोणी गाडीखाली जायचं नाही. सनी, तू नुसतं स्टिअरिंग फिरव."

"बंद गाडीचं स्टिअरिंग? फार जड असतं ते!"

"का, अनुभव नाही का तुला?"

सनी चिडून सीटवर चढला. चावी फिरवून लॉक काढलं आणि दोन्ही हातांनी जोर लावला. चाकं मातीत करकरत वळली.

खट्ट!

तिघेही जागच्या जागी थिजले. दुसऱ्या बाजूला फिरवल्यावर पुन्हा खट्ट!

"ऐकलंत?" निकिताचा आवाज बारीक झाला होता. "गाडी उभी आहे. क्रेट खाली उतरवलेत. स्टेपनी जागची हललेली नाही. हलतंय फक्त स्टिअरिंग आणि पुढची चाकं. मग वाजतंय काय?"

सनीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "म्हणजे... स्टेपनी नाही?"

"नाही रे बाबा! फिरव परत."

निकिता आधी डाव्या चाकाशेजारी उकिडवी बसली. आवाज लांबून आला. मग उजव्या चाकाजवळ गेली. खट्ट! अगदी कानाशी! तिने सनीला स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावलं. चाक बाहेरच्या बाजूला वळलं आणि त्याच्या मागची जागा उघडी पडली. तिथे एक जाड दांडा येऊन चाकाला जोडलेला होता. सांध्यावरचा भाग कोरा करकरीत, नुकताच बसवलेला. निकिताने मोबाईलचा टॉर्च मारला.

"आता हळूच थोडं इकडं, थोडं तिकडं कर."

सनीने फिरवलं. दांडा आधी वर उचलला गेला, खट्ट वाजला, आणि मग चाक वळलं.

"अगं बाई!" निकिताच्या तोंडून निघून गेलं. "राज, तुझ्या सायकलचं हँडल ढिलं झालं होतं, आठवतंय? हँडल वळायचं आणि चाक मागाहून वळायचं!"

"हो! आणि मी कोथिंबिरीच्या वाफ्यात गेलो होतो!"

"तसंच झालंय हे. सनी, स्टिअरिंग सोड. चावी काढून माझ्याकडे दे."

चावी खिशात टाकून तिने हात आत घातला आणि सांध्याखालच्या नटाला बोट लावलं. नुसतं बोट! एवढा मोठा लोखंडी नट, जो पान्याशिवाय हलता कामा नये, तो बाटलीच्या झाकणासारखा गरकन फिरला. शेवटच्या दोन-तीन आट्यांवर कसाबसा लटकला होता तो. बोल्टला आडवं भोक होतं आणि त्या भोकातून टॉर्चचा उजेड आरपार जात होता. म्हणजे तिथे काहीतरी असायला हवं होतं. नट फिरू नये म्हणून अडकवलेलं काहीतरी. बारीक, लांब, दोन पायांचं...

निकिता ताडकन उठली.

"राज! ती हेअरपिन!"

"कुठली?"

"पाटावरची! ती हेअरपिन नव्हती रे! ती आपल्या गाडीची पिन होती!"

राजचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने एकदा चाकाकडे बघितलं, एकदा आपल्या बुटांकडे. मग इतक्या हळू आवाजात बोलला, की निकिताला वाकून ऐकावं लागलं.

"ताई, घाटात हे सुटलं असतं तर?"

निकिताने त्याला जवळ ओढलं. कोण कोणाला धरतंय ते कळत नव्हतं.

तेवढ्यात पप्पांची हाक आली. "अरे, चावी आणा! फुलं भरायचीत. उशीर होतोय!"

"चावी मिळणार नाही," निकिता म्हणाली.

पप्पा बाहेर आले. "काय म्हणालीस?"

"पप्पा, गाडी हलवायची नाही. नट निघालाय."

"निकिता, ही वेळ आहे का खेळायची? बाजार माझ्यासाठी थांबणार आहे का? रंगनाथनं आज दुरुस्त केलीय गाडी! आण ती चावी!"

पप्पा असे ओरडले की एरवी निकिता रडलीच असती. आज तिने खिशावर हात घट्ट धरला. "आधी बोट लावून बघा. मग हवं तर मारा मला!"

पप्पा काहीतरी पुटपुटत चाकापाशी बसले. हात आत गेला. नट गरकन फिरला, निखळला आणि त्यांच्या तळहातावरच पडला.

पप्पा तसेच बसून राहिले. हातातल्या नटाकडे बघत.

"मी... मी राजला शेजारी बसवून घाटात निघालो होतो," ते म्हणाले.

फोन गेला तसे रंगनाथकाका मोटारसायकलवर धावत आले. "शक्यच नाय! चंदरचं काम पक्कं असतंय!" असं तावातावाने म्हणत ते चाकाजवळ बसले आणि त्यांनी रिकाम्या बोल्टवरून बोट फिरवलं. त्यांनी चंदरला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"चंदर, शेखरभाऊंच्या गाडीची पिन कुठंय रं?"

"पाटावर हाय ना, शेठ! मी नट हातानं लावला आन् पाना घ्यायला वळलो, तर तुम्ही वरडलात, गुरुजी आले, हातातलं सगळं पाटावर ठेव! पाना ठेवला, पिन पण ठेवली. म्हटलं उद्या अवजारं उचलली की पहिलं हेच काम. गाडी उद्याच द्यायची व्हती ना?" मग जरा थांबून चंदर एकदम किंचाळला, "शेठ, गाडी दिली काय तुम्ही?"

रंगनाथकाकांनी कपाळावर हात मारला. "मला वाटलं झाली. मी विचारलंच नाय रे त्याला. आरती, प्रसाद... त्या गडबडीत विचारलंच नाय!"

"मग आता घट्ट करा की!" सनी म्हणाला.

"कशानं? पाने पूजेत हायेत! आज हलवत नाय कुणी. आमच्या आज्यापास्नं कधी मोडलं नाय हे."

"दुसऱ्या गॅरेजमधून आणू," पप्पा म्हणाले.

"शेखरभाऊ, आज साऱ्या नाशकातले पाने पाटावर हायेत!"

घ्या! म्हणजे अख्ख्या शहरात नट घट्ट करायला एक पाना नाही! इकडे झेंडू तोडून पडलेला. दुपार कलत चाललेली. पप्पा डोकं धरून ओट्यावर बसले. राज हळूच आपल्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला, आणि ते बघून निकिताला राहवलं नाही.

"काका, एक विचारू? रागावू नका."

"विचार पोरी. मी कुठल्या तोंडानं रागावू?"

"त्या पिनेची तुम्ही पूजा केलीत. हळदकुंकू वाहिलंत, आरती केलीत. आणि ती पाटावर होती म्हणून राज घाटात..." तिने डोळे पुसले. "अशी पूजा देवीला चालेल का, काका? अवजारं असतात कशासाठी?"

रंगनाथकाका तिच्याकडे बघतच राहिले. मग उठले, मोटारसायकलला किक मारली आणि गेले.

"गेले! रागावले!" सनी कुजबुजला.

पण काका परत आले. हातात पाना होता, त्याला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. शर्टच्या खिशात पक्कड आणि ती पिन. त्यांनी पाना कपाळाला लावला. "आई, सकाळची पूजा माझ्याकडनं अर्धीच झाली. आता पुरी करतो. सांभाळून घे," एवढं म्हणून ते कामाला लागले.

नट बसला. पाना करकर वाजला. काकांनी अंगातला सगळा जोर लावला. भोक आणि नटाची खाच जुळली तशी त्यांनी पिन आत सरकवली. कुंकवाचा ठिपका तसाच होता. मग पक्कड निकितापुढे धरली.

"पिनेचे दोन्ही पाय मागं वाकव. आवाज तू धरलास, कुलूपही तूच लाव."

निकिताने पाय वाकवले. मग काकांनी बाकीचे सगळे नट एकेक करून तपासले, इंजिन चालू करून स्टिअरिंग पार डावीकडे, पार उजवीकडे फिरवलं, चाकांचे दगड काढून अंगणात गाडी चार वेळा फिरवली. आवाज नाही! राजने अशी काही आरोळी ठोकली की ओट्यावरची मांजर पळून गेली. पुढे तासाभरात सगळ्यांनी मिळून क्रेट भरले, आणि राज बुटांच्या नाड्या पुन्हा बांधून पप्पांच्या शेजारी बसला.

त्या रात्री घाट उतरल्याचा फोन येईपर्यंत निकिता आणि आई दोघीही जेवल्या नाहीत.

दसऱ्याला दुपारी पिकअप रिकामी होऊन परत आली. फुलं हातोहात गेली होती. राजच्या तोंडाचा पट्टा तर सुटलाच होता. "आणि घाटात की नाही ताई, एवढं मोठं वळण! आणि मी सारखा कान लावून होतो!"

संध्याकाळी रंगनाथकाका आपट्याची पानं घेऊन आले. निकिता रीतीप्रमाणे त्यांना सोनं द्यायला आणि वाकून नमस्कार करायला पुढे झाली, तर त्यांनी तिला अडवलं. "थांब. आज पहिलं सोनं मी देणार." तिच्या, सनीच्या आणि राजच्या हातात त्यांनी पानं ठेवली. "पोरांनो, तीस वर्षं झाली गाड्या दुरुस्त करतोय, पण काल तुम्ही मला वाचवलंत. पुढच्या खंडेनवमीला पाट मांडायच्या आधी तिघांनी यायचं. एकेक गाडीचं स्टिअरिंग फिरवून बघायचं. तुम्ही हो म्हटलं की मगच गुरुजींना बोलावणार!"

"माझा तर अनुभवच आहे!" सनी म्हणाला आणि सगळे खो खो हसत सुटले.

मग सगळे देवीच्या दर्शनाला निघाले. पप्पा गाडीपाशी गेले, पण आत बसले नाहीत. त्यांनी चावी निकिताच्या हातात दिली.

"आधी तू ऐक," ते म्हणाले. "तू सांगितलंस की निघू."

निकिता सीटवर चढली. स्टिअरिंग तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. सगळ्यांनी कान लावले. नुसती माती करकरली.

"चला, पप्पा," ती म्हणाली आणि सरकून त्यांना जागा दिली.