लाल की हिरवी?

मेंढी माझी होती, पण सापडली गेथिनच्या मेंढवाड्यात. भर पावसात डोंगर ओलांडून मी तिला शोधत गेले, तर ही बया निवांत चारा खात उभी!

“तुझीच ना? कानावरची खूण ओळखली मी,” तो म्हणाला. “सकाळपासून पाहुणचार चाललाय. जायचं नावच घेत नाही.”

“फुकट मिळतंय म्हटल्यावर कोण जाईल?”

“मग तूही थांब. चहा टाकतो.”

एवढा मोठा मेंढवाडा, आणि त्यात माझी एकच मेंढी. कारण सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. गेथिनच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या खंडाने राखलेला डोंगर मूळ मालकाने झाडं लावणाऱ्या एका कंपनीला विकला होता. कळप बाजारात गेला होता. उरल्या होत्या दाराशी उभ्या दोन जुन्या क्वाड गाड्या, एक लाल, एक हिरवी. दोन्हींवर पाटी: विकणे आहे.

आमच्या वेल्सच्या डोंगरांत क्वाडशिवाय मेंढपाळाचं पान हलत नाही. मोटारसायकलसारखं हँडल, चार जाडजूड चाकं. चिखल असो, ओढा असो, ती जाते. आमच्याकडेही होती. दोन वर्षांपूर्वी ती उतारावर उलटली आणि माझा भाऊ इफान तिच्याखाली सापडला... त्यानंतर आईने अंगणात क्वाड येऊ दिली नाही. पण आता बाबांचे गुडघे गेले होते, आणि मी एकटी, पायी, आमच्या डोंगराला किती पुरी पडणार होते?

“मी... बघू का यातली एखादी?” तोंडातून निघूनच गेलं.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. “तू मेरेरिद. इफानची बहीण.” मग हळूच म्हणाला, “चर्चमध्ये त्याच्या अंत्यविधीला मी मागच्या बाकावर होतो. तू एकदाही मागे वळली नाहीस.”

“वळले असते तर?”

“तर काय... मला अजून आधी भेटली असतीस.”

मी लाल गाडीवर बसले खरी, पण किल्ली फिरवणंसुद्धा जमेना. तो हसला नाही. बाजूला उभा राहिला, आणि माझा श्वास जागेवर येईपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारत राहिला. त्या दिवशी मी गाडी सुरूही केली नाही. मेंढी घेऊन पायीच परतले.

पण पुन्हा गेले. आणि पुन्हा.

“लाल त्यातल्या त्यात नवी आहे,” तो सांगायचा. “दिसायला झोकात. पण जड, आणि चढावर नाक वर करते.”

“मालकासारखी?”

“मालक हिरवीसारखा आहे. पत्रा चेपलेला, आवाज फार, पण जमिनीला धरून चालतो.”

“आणि थंडीत सुरू होत नाही?”

“कुणी प्रेमाने हात लावला तर होतो की!”

मी लाजून दुसरीकडे बघायची. मग तो लगेच गंभीर व्हायचा. “आडव्या उतारावर अंग वरच्या बाजूला टाक. अजून. घाबरू नकोस, मी आहे.” ओल्या नेच्यांचा वास, त्याच्या कोटावरून ओघळणारं पाणी, हँडलवर माझ्या हाताशेजारी त्याचा हात... दोन वर्षांत मी पहिल्यांदाच मोठ्याने हसले, ते त्या उतारावर. घरी जाऊन, इफान नसताना हसले म्हणून रडले.

कुठली गाडी घ्यायची, ते मला दुसऱ्याच भेटीत कळलं होतं. तरी मी विचारत राहिले. लालचे ब्रेक कसे? हिरवीचे टायर अजून किती टिकतील? तोही कधी घाई करत नव्हता.

एके दुपारी मात्र त्याने चहाचा कप माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “आता निवड, मेरेरिद. शनिवारी मी न्यूझीलंडला चाललोय. तिकडे मेंढ्या कातरायचं काम आहे.”

“निवडली की मला इथे यायला निमित्त राहणार नाही,” मी म्हणाले. आवाज माझा मलाच ओळखू येईना. “म्हणून निवडत नव्हते.”

“मला माहीत होतं. लालला एक गिऱ्हाईक आलं होतं. मी त्याला सांगितलं, बिघडलीये.”

आम्ही दोघं हसलो. हसता हसता मला हुंदका आला.

“थांब ना... आमच्याकडे. कळप आहे, काम आहे. मी आहे.”

“तुझ्या अंगणातून माझा डोंगर दिसतो,” तो म्हणाला. “रोज सकाळी उठून मी त्याच्याकडे बघू? मी कडवट होईन गं. आणि तो कडवटपणा तुझ्या वाट्याला येईल... तूच चल ना.”

बाबांचे गुडघे. आईचं मुकं घर. चार महिन्यांत व्यायणारी मेंढरं. मी चहाचा कप न पिताच खाली ठेवला. त्याने पुन्हा विचारलं नाही.

शुक्रवारी हिरवी गाडी तो स्वतः डोंगरावरून घेऊन आला. आई दारात उभी राहिली. मला वाटलं, आता परत पाठवेल. ती जवळ आली, चेपलेल्या पत्र्यावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. मग गेथिनला म्हणाली, “हिला शिकवलंस ना नीट?”

“हो. माझ्यापेक्षा चांगली चालवते.”

“मग जेवून जा, बाळ.”

तो जेवला नाही. घास उतरला नसता म्हणाला. मी त्याच्याबरोबर डोंगरमाथ्यावरच्या दगडी कुंपणापर्यंत चालत गेले.

“परत येईन, असं म्हणू?”

“नको. मी वाट बघत बसेन.”

त्याने माझा ओला चेहरा दोन्ही हातांत धरला आणि माझ्या ओठांवर ओठ टेकवले... मग कुंपण ओलांडून तो उतरत गेला. या वेळी मागे वळला नाही तो. मीच बघत राहिले.

ऐन थंडीत मी मेंढरांना चारा घेऊन माथ्यावर गेले होते. पलीकडच्या डोंगरावर कंपनीची माणसं आली होती. खड्डे खणत, रोपं लावत, ओळीने पुढे सरकत होती. खाली गेथिनच्या घराचं छप्पर काढून टाकलेलं दिसलं. मेंढवाडा तर उरलाच नव्हता.

त्याला मी रोज हाका मारत असे, मनातल्या मनात. त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं, बरं झालं तो इथे नाही.