लाखेचं सील

मी बॉयलर इन्स्पेक्टर. धोक्याचा बॉयलर दिसला की वाफेच्या नळाच्या चाकाला दोरी बांधायची, गाठीवर लाल लाख वितळवून ओतायची, वर खात्याचा शिक्का दाबायचा. ज्यानं सील लावलं त्यानंच ते फोडायचं, हा आमचा नियम. एका मोठ्या लाँड्रीनं माझी फार करमणूक केली. मालकाचा मेहुणा मंत्री. सील लावून मी ऑफिसात पोचायच्या आत साहेबांना फोन आलेला असायचा, आणि मी हातोडी घेऊन पुन्हा तिकडे.

पण माझी धाकटी बहीण त्याच बॉयलरशेजारी चादरींना इस्त्री करायची. त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह मालकानं तारेनं आवळून ठेवलेला. कधी फुटेल याचा नेम नाही. नोकरी सोड म्हटलं की म्हणायची, "दादा, मी सोडली तर माझ्या जागी दुसऱ्या कुणाची तरी बहीणच येईल ना?"

त्या सोमवारी मी पुन्हा सील लावलं. ऑफिसात आलो तर फोन घणघणतोय आणि साहेब दोन्ही हातांनी रिसीव्हर ओढतायत. रिसीव्हर जागचा हलेना. वाकून पाहिलं तर फटीत लाल लाख, वर आमच्या खात्याचा ठसा. साहेबांनी आधी माझी पिशवी उलटी केली. शिक्का गार, लाखेची कांडी एका सीलपुरतीच वितळलेली. तेवढ्यात हेडक्लार्कचा फोन वाजला. तोही तसाच.

मी चेहरा गंभीर ठेवला, पण मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

दुपारी लाँड्रीत डोकावलो. बॉयलर थंडगार. बायकांनी चादरी अंगणात उन्हात टाकल्या होत्या आणि एकमेकींची टिंगल करत घड्या घालत होत्या. बहिणीनं माझ्या हातात चादरीची दोन टोकं दिली आणि मला चांगलं राबवून घेतलं. इतकी हसताना तिला मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

फोन बंद पडले तरी मालकाला पाय होते.

संध्याकाळी ते स्वतः ऑफिसात आले. तोंडावर रुमाल धरलेला. साहेब धडपडत उठले.

"बोला मालक. तुम्ही नुसतं सांगा."

मालक काहीच बोलले नाहीत.

"सील काढायचं ना? सांगा फक्त."

मालकांनी रुमाल खाली घेतला.

साहेब मटकन खाली बसले. मी मात्र आनंदानं मालकांना खुर्ची पुढे केली. त्यांच्या ओठांवरच्या लाखेतून अजून धूर निघत होता.