दादाच्या जबड्याचा जुळा

सांगते, पण नाक मुरडू नका. आमच्या कारखान्यात धातूची पावडर लेझरने थरावर थर वितळवून माणसांची हाडं छापतात. प्रत्येक हाडासोबत त्याच पावडरची एक कांडी छापायची. तिला आम्ही जुळा म्हणतो. आधी जुळा तोडून तपासायचा, मगच हाड इस्पितळात जायचं.

माझ्या दादाचा जबडा अपघातात गेला. घरचं काम म्हणून साहेबांनी घाई केली. जबडा न तपासताच इस्पितळात पाठवला आणि जुळा मागाहून माझ्या टेबलावर आला.

भर दुपारी मी त्याच्या टोकाची चकती कापली आणि शिळ्या तोंडाचा भपकारा आला. शी! चकती घासली, तर ओली. पुसली, तरी ओली... चिकट, लाळेसारखी. मायक्रोस्कोपखाली धातूचे थर खवल्यांसारखे दिसतात. इथे गुलाबी हिरड्या दिसल्या. बारीक भोकं होती, ती असतातच. पण ही मिटत होती, उघडत होती. पिवळा रबरी मोजा काढून टेबलावर फेकला.

पावडरवाल्या काकांना विचारलं, "ही पावडर कुठली?"

त्यांनी नजर चुकवली. "जुनी छापलेली हाडं वितळवून केलेली... मेलेल्यांच्या अंगातून काढलेली."

उरलेली कांडी मशीनमध्ये ताणली. खाडकन तुटायला हवी होती. ही चघळलेल्या च्युइंगमसारखी लांबली आणि पचकन तुटली. दोन्ही तुकडे मी टेबलावर टाकले.

साहेब आकडा बघून खूश. "दीडपट ताकद! पास कर. कसली किळस घेऊन बसलीस?"

"तुम्हीच घाला तोंडात!" म्हणत मी वहिनीला फोन लावला. "वहिनी, दादाला ऑपरेशनला नेऊ देऊ नकोस!"

"अगं, सकाळीच झालं. शुद्धीवर आलेत. तोंड तारेने बांधलंय."

"मग तू काय चावतेयस?"

"मी नाही गं..." तिचा आवाज खाली गेला. "हेच चावतायत. मघापासून. तार दिसत नाहीये... गिळली बहुतेक. थांब, काहीतरी थुंकले. पिवळं रबर आहे... बोटाच्या टोकाएवढं."

मी टेबलाकडे पाहिलं. कांडीचे दोन तुकडे एकमेकांना भिडले होते. मधे माझा मोजा. एका बोटाला टोक नव्हतं.

मी मोजा जोरात ओढला. सुटेना.

फोनमध्ये वहिनी किंचाळली, "अगं, ह्यांची मान कोण ओढतंय?"