एकवीस दिवसांची टाकी

पहिल्याच दिवशी तो तिच्या तळ्यात पडला. बांधावर पाय घसरला नि थेट कमरेइतक्या पाण्यात. तिने हात दिला. वर येताच त्याने आधी पेटीतलं सूक्ष्मदर्शक कोरडं आहे ना ते पाहिलं, मग म्हणाला, "मी माशांचा डॉक्टर. नवीन आलोय."

"पेशंटना भेटून झालंच म्हणायचं," ती म्हणाली.

तेव्हापासून मासेडॉक्टर दर गुरुवारी यायला लागला. मग सोमवारीही. एकाही माशाला साधी शिंक आली नव्हती, तरी तो जाळं टाकून दोन-चार मासे निरखायचा, आणि निरखता निरखता नजर भलतीकडेच जायची.

"मासे ठणठणीत आहेत," तिचे बाबा दारातल्या खुर्चीवरून म्हणायचे, "डॉक्टरांनाच कुणाला तरी दाखवा."

ती खाद्याची बादली उचलून निघून जायची… पण फार लांब नाही.

एका सकाळी थोरली पाण्यातल्या खांबाला अंग घासताना दिसली. थोरली म्हणजे तळ्यातली सगळ्यात जुनी मासोळी. बाबांनी तिला बोटाएवढी असल्यापासून वाढवलेलं. दरवर्षी तळं भरायचं ते तिच्याच पिल्लांनी. यंदाही पोट अंड्यांनी टरारलेलं. जाळ्यात घेऊन पाहिलं तर कल्ल्यांपाशी चपट्या, काचेसारख्या उवा चिकटलेल्या. तिने लगेच डॉक्टरला फोन लावला. थोरली गेली तर यंदाचं तळं रिकामं.

डॉक्टर धावत आला. चिमट्याने एकेक ऊ काढली, थोरलीला मिठाच्या पाण्यात ठेवलं, तळ्याची लांबी, रुंदी, खोली मोजून औषध टाकलं. मग पाण्यात लाकडी फळ्या सोडल्या.

"उवा यांवर अंडी घालतील. दर दोन दिवसांनी फळ्या काढून खरवडायच्या, उन्हात वाळवायच्या. एका औषधाने भागत नाही."

"पण आल्या कुठून? नवा मासा मी एकवीस दिवस वेगळ्या टाकीत ठेवल्याशिवाय तळ्यात सोडतच नाही. आणि यंदा तर एकही आणला नाही."

त्याने बांधावर पडलेल्या आपल्या जाळ्याकडे पाहिलं.

"मी आणल्या," तो म्हणाला. "गेल्या सोमवारी पलीकडच्या तळ्यावर उवा होत्या. जाळं औषधात बुडवून वाळवायला हवं होतं. पण… तुम्ही चहाला बोलावलं होतंत. उशीर झाला होता. ओलंच जाळं घेऊन पळत आलो."

"जगाला शिकवता, आणि स्वतः? एवढी कसली घाई होती?"

"तुम्हाला बघायची."

तिला भयंकर राग आला होता. आणि त्या रागाच्या आतून काहीतरी गोड वर येत होतं, त्याचा तर आणखीच राग आला.

"मग तुम्हीही एकवीस दिवस वेगळे," ती म्हणाली. "रोज यायचं, फळ्या खरवडायच्या, थोरलीला बघायचं. चहा नाही… गप्पा नाहीत."

तो रोज आला. फाटकापाशी औषधाच्या टबात बूट बुडवायचा, तिचंच जाळं वापरायचा, मान खाली घालून फळ्या खरवडायचा. तिला ती शांतता खायला उठायची. अठराव्या दिवशी फळ्या स्वच्छ निघाल्या, आणि ती न राहवून कप घेऊन बांधावर आली.

"अजून तीन दिवस आहेत," तो म्हणाला. कपाकडे बघितलंसुद्धा नाही.

"घ्या," बाबा खुर्चीवरून म्हणाले, "पेशंट सुधारला."

बाविसाव्या दिवशी पहाटेच ती तळ्यावर गेली. काठच्या पाणगवतात थोरली सळसळत फिरत होती, आणि गवताच्या पात्यापात्याला मोहरीएवढी अंडी चिकटली होती. तिला रडूच आलं.

फाटकाबाहेर तो उभा होता, बूट टबात बुडवून. आत यायचं धाडस होत नव्हतं.

तिने पहिल्या दिवसासारखाच हात पुढे केला.

"एक सांगायचं राहिलंय," ती म्हणाली. "त्या सोमवारी तुम्हाला उशीर झाला ना… मी चहा तीनदा गरम केला होता."