आंधळ्या माशांचा वळसा

तुम्ही हसाल, पण डोळे गेलेल्या बाईने घरात माशांची टाकी हवी म्हणून हट्ट धरावा, ही आधी मलाही थट्टाच वाटली होती. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. मी घड्याळं दुरुस्त करतो. मी लग्न केलं नाही, तिचं टिकलं नाही, त्यामुळे वीस वर्षं आम्ही दोघं एकत्र राहतोय. माझं वय बावन्न, पण ताईच्या लेखी मी अजून बारक्याच.

तिची नजर दोन वर्षांत हळूहळू गेली. मी दुकानात असताना ती दोनदा पडली, दुसऱ्यांदा मनगट मोडलं. तेव्हापासून तिने चालणंच सोडलं. सगळ्यात मोठा भाऊ, म्हणजे आमचा दादा, फोनवर म्हणाला, "तिला अंधांच्या संस्थेत ठेव. तिथे सोबतीला माणसं असतात." ताईने माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि "मी माझ्या घरातून हलायची नाही" म्हणून ठेवून दिला. शेवटी असं ठरलं, की दोन महिन्यांनी संस्थेच्या बाई येऊन बघतील आणि त्या म्हणतील तसं करायचं. ताई गेली तर त्या खोलीत मी कुणाशी भांडणार होतो?

आणि अशा वेळी हिला मासे हवेत!

एका दुपारी आम्ही माशांच्या दुकानात गेलो. अरुंद दुकान, दोन्ही बाजूंना टाक्या, पंपांची सतत चाललेली बुडबुड आणि ओल्या शेवाळाचा वास. ताईने माझा दंड धरला होता. मी एकेक मासा तिला वर्णन करून सांगत होतो. एक पोट वर करून उलटा पोहणारा होता. "नको, त्याच्याकडे बघून तुलाच गरगरेल." दुसरा काचेसारखा आरपार, आतला काटा न् काटा मोजून घ्यावा असा. "आपल्या दादाचा एक्स-रे? नको." तिसरा लांब सोंडेचा, वाळू हुंगत फिरणारा. "सारखं काहीतरी शोधत बसणारा एक आहे आमच्या घरात. पुरे."

दुकानदार हसून म्हणाला, "मावशी, तुम्हाला नक्की कसा मासा हवाय?"

"डोळे नसलेला."

मी ओशाळलो. दुकानदार मात्र आम्हाला शेवटच्या टाकीपाशी घेऊन गेला. आत सहा मासे होते, बोटाएवढे, फिकट गुलाबी. डोळे असायला हवेत तिथे नुसती गुळगुळीत कातडी. गुहेतल्या पाण्यातले, तो म्हणाला. पिढ्यान् पिढ्या अंधारात काढल्या, डोळ्यांची गरजच उरली नाही.

"आपटत नाहीत कशावर?" ताईने विचारलं.

"छे! पाण्यावरून त्यांच्या अंगाला कळतं. नवी वस्तू ठेवली की दिवसभर तिच्याभोवती फिरतात, मग ती पाठच होते. वाटेत काही असेल तरच वळणार, नाहीतर नाकासमोर."

"सहाही द्या," ताई म्हणाली. वर्षभरात तिला इतकं खूश मी पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने मला राबवून घेतलं. टाकी आपल्या खोलीसारखीच मांडायची, असं तिचं फर्मान. चपटा दगड म्हणजे तिचा पलंग. उभा दगड म्हणजे कपाट. लाकडाचा तुकडा म्हणजे टेबल. मधली जागा मोकळी, कारण खोलीतही मध्ये काही नव्हतं. "मासे खोली पाठ करतील आणि मी माशांकडून शिकेन," ती म्हणाली. मी मनात म्हटलं, झालं, आता डोकंही गेलं. पण चौथ्या दिवशी काचेवर तळहात टेकून बसलेली ताई उठली आणि एकटी पलंगापर्यंत गेली. तीन आठवड्यांत ती भिंतीला हात न लावता घरभर फिरायला लागली. मी दुकानात शीळ घालायला लागलो. सुखाचे दिवस होते ते, खरंच सांगतो.

मग एका रविवारी माझ्या लक्षात आलं.

मासे टाकीच्या मधोमध आले की वळत होते. सहाच्या सहा. कपाएवढी जागा सोडून, पार वरपासून वाळूपर्यंत, जणू तिथे एखादा खांब उभा आहे. मी आत हात घातला. नुसतं पाणी. पंप बंद करून पाहिला, टाकी फिरवून ठेवली, सगळं पाणी बदललं. वळसा तसाच. ते फिकट मासे काही नसलेल्या त्या जागेभोवती शांतपणे फिरत होते.

एवढ्यात ताई चहाचा कप घेऊन पलंगाकडून टेबलाकडे निघाली. खोलीच्या मधोमध तिने अंग चोरलं, अर्धं वर्तुळ घेतलं आणि पुढे गेली.

"ताई... तिथे का वळलीस?"

"उभे असतात ना तिथे."

"कोण...?"

"मला काय ठाऊक? मला दिसतंय थोडंच?" तिने आवाज खाली आणला. "त्रास काही नाही त्यांचा. हळू बोल जरा..."

मी त्या जागेकडे बघत मागे सरकलो. पण सांगणार कुणाला? दादाला कळलं असतं तर ताईला भ्रम होतात म्हणून त्याने दुसऱ्याच दिवशी तिची बॅग भरली असती. मी तोंड शिवून बसलो. माणसाला कशाचीही सवय होते हो. पंधरा दिवसांत मीही तिथून वळून जायला लागलो.

ठरल्या दिवशी संस्थेच्या बाई सकाळीच आल्या. ताईने स्वतः चहा केला, ट्रे घेऊन आली, मध्ये वळसा घालून टेबलावर ठेवला. एक थेंब सांडला नाही. बाईंनी खूप प्रश्न विचारले आणि वहीत लिहून घेतलं. अधूनमधून त्या खोलीच्या मधोमध बघत होत्या. माझा जीव टांगणीला लागला होता. निघताना त्या सरळ दाराकडे चालत गेल्या, मध्येच त्यांचं पाऊल आखडलं आणि खांदा चोरून त्या हलकेच म्हणाल्या, "येते हं." मी दाराशी उभा होतो. त्यांची मान माझ्याकडे वळलेली नव्हती.

आठ दिवसांनी पत्र आलं. मी ताईला मोठ्याने वाचून दाखवलं.

"बाई घरात निर्धोक वावरतात. धाकटे भाऊ दिवसभर दुकानात असले, तरी दुसरे वयस्कर गृहस्थ सोबतीला असल्याने बाईंना संस्थेत हलवण्याची गरज नाही. सदर गृहस्थ भेटीच्या पूर्ण वेळ खोलीच्या मध्यभागी उभे होते, काही बोलले नाहीत. सहा महिन्यांनी पुन्हा भेट देण्यात येईल. तेव्हाही ते घरी असल्यास बाईंनी इथेच राहण्यास हरकत नाही."

मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ताई मात्र पोट धरधरून हसली. हसता हसता डोळे पुसले आणि एकदम गंभीर झाली.

"बारक्या, इतके दिवस उभे आहेत रे ते. साधी खुर्ची दिली नाहीस तू?"

मी स्वयंपाकघरातली खुर्ची आणून खोलीच्या मधोमध ठेवली. ताई माझ्याजवळ राहणार होती. तेवढ्यासाठी मी आणखी चार खुर्च्याही मांडल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तो आधी टाकीपाशी गेलो. एक मासा मधोमध आला आणि सरळ निघून गेला. मागून दुसरा, तोही नाकासमोर. गेले...? आता सहा महिन्यांनी बाई आल्या की त्यांना काय दाखवू? ताईला हाक मारणार होतो, पण आधी गुडघे टेकून नीट वाकून पाहिलं.

मासे वरच्या पाण्यातून सरळ जात होते. खालच्या अर्ध्या पाण्यात वळसा तसाच होता.

बसले होते.