दहा साखळ्या जास्तीच्या

त्यानं दमयंतीच्या हातात साखळीचं टोक दिलं आणि नाव नंतर विचारलं.

१९९४ चा ऑक्टोबर. आदिलाबादजवळच्या तलावाच्या बांधावर ती आणि तिचे वडील गोपाळराव कपडे वाळवायच्या दोरीनं दोन किलोमीटर मोजत होते. शेजारच्या कापसाच्या शेतात मंडल कचेरीचा मोजणीदार व्यंकटेश त्याच्या गड्याची वाट बघत उभा होता. गडी चहाला गेला होता.

"एवढं मोजून काय करता?"

"पळणार," दमयंती म्हणाली. "हैदराबादला नवं थीम पार्क झालंय. तिथं शनिवार-रविवार कुटुंबांची शर्यत आहे. आई, बाबा, मी. तिघांनी दोन किलोमीटर पंधरा मिनिटांत पळायचं. तेवढं जमतं असं लिहून दिलं तरच अर्ज घेतात."

"आन् नाही जमलं तर?"

"तर खोटं लिहावं लागेल. ते बाबांना जमत नाही."

तो हसला. "मग दोरी ठेवा. तेहतीस फुटांची सरकारी साखळी आहे."

तो पुढं जाऊन खुंटी रोवायचा, ती मागून येऊन उपटायची. दहा खुंट्या झाल्या की त्याच्या हातात द्यायच्या आणि त्यानं दहा साखळ्यांचा एक चिंचोका खिशात टाकायचा. एकोणीस चिंचोके आणि वर नऊ साखळ्या म्हणजे दोन किलोमीटर. दर खुंटीला तो वळून बघायचा... साखळी ताणलीय का हे बघायला इतका वेळ लागतो? दमयंतीनं विचारलं मात्र नाही.

दुसऱ्या दिवसापासून पळणं सुरू झालं. रेणुकाबाई, दमयंतीची आई, पदर खोचून कॅनव्हासचे बूट घालून पळायच्या. बासरच्या देवळापलीकडं त्या कधी गेल्या नव्हत्या. हैदराबाद बघायची हौस सगळ्यांत जास्त त्यांचीच. पण घड्याळ रोज पंधरा मिनिटं पस्तीस सेकंद दाखवायचं.

दहाव्या दिवशी, शनिवारी, त्यांनी बूट काढून ठेवले. "नाही होत माझ्याच्यानं. माझ्यापायी काऊन अडकून राह्यले तुमी?"

अर्ज सोमवारी टाकायचा होता.

दमयंतीला राहवेना. एका साखळीत तिची तेरा पावलं बसायची. ती बांध चालून आली. पावलं सव्वीसशेच्या आत यायला हवी होती, सत्तावीसशेच्या वर गेली. पुन्हा चालली. तेवढीच.

संध्याकाळी तिनं व्यंकटेशला कचेरीच्या फाटकात गाठलं आणि पावलांचा आकडा सांगितला.

"मोजणीवर शंका घेऊन राह्यल्या?"

"मोजणीवर नाही," ती म्हणाली, "मोजणीदारावर."

"मग उद्या सकाळी साखळीचं टोक धरा. सहाला."

रविवारी सहाला पुन्हा मोजणी झाली. या वेळी तो एकदाही वळला नाही. शेवटची खुंटी रोवली तेव्हा जुनी खूण बरीच पुढं दिसत होती. दहा साखळ्या पुढं.

बूट पुन्हा चढवून रेणुकाबाई त्या खुंटीपर्यंत पळाल्या. चौदा मिनिटं सेहेचाळीस सेकंद. त्या बांधावरच बसल्या, धापा टाकत, हसत.

"दहा साखळ्या," गोपाळराव व्यंकटेशला म्हणाले. "सरकारी माणूस तुमी. एक चिंचोका टाकायचा राह्यला कसा?"

"लक्ष नव्हतं."

"कुठं होतं?"

व्यंकटेश खाली वाकून साखळी गोळा करू लागला. त्याचे कान तांबडे झाले होते.

"माझ्याकडं होतं, बाबा," दमयंती म्हणाली.

मग रेणुकाबाईंनी मान वर केली. "आन् तुझं कुठं होतं? खुंट्या तर तुझ्याच हातात होत्या."

"मी... हे किती वेळा वळून पाहतात ते मोजून राह्यले होते. चाळीसनंतर सुटलं."

"म्हणजे दहा दिवस मी तुमा दोघांपायी जास्तीची पळाले."

"चूक झाली, मावशी," व्यंकटेश पुटपुटला.

रेणुकाबाईंनी बुटाची नाडी घट्ट केली आणि उठायला त्याच्यापुढं हात केला. "उद्या अर्ज टाकला की घरी या. एकटे नका येऊ. घरचं कोणी मोठं माणूस घेऊन या."