बेलाच्या झाडावरचं गाडगं

खोटं वाटलं तर सोडून द्या. पण हे मी रचलेलं नाही. रचायचंच असतं तर त्यात माझी स्वतःची चूक कशाला घातली असती?

गेल्या वर्षीचा एप्रिल. चंद्रपूरकडच्या मूल तालुक्यातलं, जंगलाला चिकटलेलं आमचं गाव.

आणि वेळ भरदुपारची.

भुतं रात्रीच येतात असं ज्यानं ठरवलं, त्यानं आमच्याकडचा एप्रिल पाहिलेला नाही. एक ते चार गावात माणूस दिसत नाही. कुत्रंसुद्धा नाही.

मी महिनाभर गडचांदूरला लेकीकडे होते. मयुरी तिथे एका दवाखान्यात नर्स आहे. तिला ट्रेनिंगसाठी नागपूरला जायचं होतं, म्हणून नातीला, दिव्यानीला घेऊन मी गावी परतले. पोर तीन वर्षांची. तोंड एक मिनिट बंद नाही.

दुसऱ्याच दिवशी ते तोंड बंद झालं. ताप भरला.

मयुरीनं दिलेलं औषध आधी पाजलं. मी निव्वळ अंगाऱ्यावर विसंबणारी बाई नाही. पण औषध पोटात गेलं तरी लेकराचं कपाळ मोकळं राहिलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

अंगारा गावाबाहेरच्या महादेवाचा. शेताकडे जाणाऱ्या पांदणीच्या टोकाला बेलाचं झाड, खाली पिंड. वर छप्पर नाही, दार नाही. म्हणून अंगाऱ्याचं गाडगं झाडालाच टांगलेलं. नानाजी म्हणून गावातले म्हातारे आहेत, ते गाईच्या शेणाच्या गोवऱ्या जाळून, राख धोतराच्या फडक्यातून गाळून ते भरून ठेवतात.

नवी सून होते तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, "राखच काऊन लावतेत? कुंकू काय वाईट?"

"शेवटी आपलं हेच होते नं, बाई," ते म्हणाले होते. "जे होणार हाये ते आधीच कपाळाले लावून घ्यायचं. मंग भेव राहत नाई. महादेव तं मसणातलीच फासते."

तेव्हा मला ते फार आवडलं होतं.

सकाळी नऊ वाजता पोरीला कडेवर घेऊन गेले. पिंडीवरचे तांदूळ टिपायला तिथे रोज साळुंक्या असतात...

त्या दिवशी एकही नव्हती.

गाडगं होतं. तोंडाला फडकं बांधलेलं. गाठ सोडून हात घातला. राख गार लागली. आणि भरड. बोटांना बारीक बारीक खडे लागले.

'नानाजीनं या वेळी गाळायचा कंटाळा केला,' असं मी मनात म्हटलं. देवाशप्पथ, एवढंच म्हटलं.

दिव्यानीच्या कपाळाला लावला. गळ्याला लावला. चिमूटभर जिभेवर ठेवला, आमच्याकडे ठेवतात तसा. थोडा पळसाच्या पानात बांधून घरी आणला.

दुपारी पोर झोपली. लाइट गेली. कूलर बंद पडला. कूलर बंद पडल्यावर घर किती शांत होतं, ते तुम्हाला माहीत असेल.

त्या शांततेत ऐकू आलं...

चर्रर्र.

मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, सागाची वाळलेली पानं पडलेली असतात. त्यांच्यावर पाय पडला की असाच आवाज होतो.

मग काहीच नाही.

पुन्हा... चर्रर्र.

मी कान देऊन ऐकलं. कोणीतरी चालत होतं. पण माणूस चालतो तेव्हा दोन पायांचे आवाज येतात. इथे एक यायचा. दुसऱ्याच्या जागी नुसती शांतता. बरोब्बर एका पावलाएवढी.

खिडकी उघडली. सांदवाडीत कोणी नव्हतं.

घाबरून पोरीच्या अंगाला हात लावला. अंग तापलेलं. कपाळ मात्र... जिथे अंगारा होता तेवढंच कपाळ माठाच्या बुडासारखं थंड.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तोच आवाज. पण आता समोरच्या अंगणात.

दिव्यानी जागी होती. दाराकडे बघत म्हणाली, "आजी, त्याले बस म्हण नं."

"कोणाले, माय?"

"त्याले. उभं राहता नाई येत त्याले. थकला तो."

दारात कोणी नव्हतं.

मग छपरीतली खाट करकरली. मी डोळ्यांनी पाहिलं. खाटेची नवार मधोमध खाली गेली... आणि खालीच राहिली.

पोरगी हळूच म्हणाली, "आजी, तो म्हणते, माझं दे."

मी तिला उचललं आणि मागच्या दारानं पळाले. पायात चप्पल नाही, डोक्यावर पदर नाही. पोळत्या रस्त्यानं थेट नानाजींच्या घरी.

ते खाटेवर पडून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होते.

"नानाजी, अंगाऱ्यात काय मिसळलं तुमी?"

"कोणता अंगारा? ते गाडगं तं माकडाईनं होळीलेच फोडलं. नवीन टांगलंच नाई म्या अजून."

"मंग झाडावर हाये ते?"

नानाजींचा हात थांबला. खर्ऱ्याची पन्नी त्यांनी बाजूला ठेवली.

"ते मुखरूचं हाये, बाई."

मुखरू आमच्या गावचा. मी गडचांदूरला असताना मोहफुलं वेचायला गेला आणि वाघानं नेला. फोनवर कळलं होतं मला. पण पुढचं कळलं नव्हतं. त्याचा एकुलता एक मुलगा निकेश तेलंगणात राइस मिलवर. त्याचा फोन लागेना. राख पोरानंच नदीत सोडायची. आणि जंगलात मेलेल्याची राख आमच्याकडे शिवेच्या आत आणत नाहीत. म्हणून सावडलेली राख गाडग्यात भरून महादेवाच्या आसऱ्याला टांगली होती.

"मले कोणी सांगतलं काऊन नाई?"

"तू इचारलं काऊन नाई? गावात आल्यावर माणूस पयले इचारते, कोण गेलं, कसं गेलं, माती कुठी झाली. तू सरळ झाडाले हात घातला!"

मी रडायला लागले. बोटांना लागलेले ते खडे आठवले.

नानाजींचा आवाज खाली आला. "सारा भेटलाच नोता तो, इंदुबाई. उजवा पाय नाईच सापडला. जेवढा भेटला तेवढा जाळला. त्यातलाबी वाटा तू घेऊन आली."

मग त्यांनी पोरीकडे पाहिलं.

"जिभेले तं नाई नं लावलं?"

दिव्यानी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून त्यांच्याकडेच बघत होती. मी 'हो' म्हटलं असतं तर नानाजी पुढे जे बोलले असते, ते मला ऐकायचं नव्हतं. पोरीच्या देखत तर नाहीच.

"नाई," मी म्हटलं.

पळसाच्या पानातली राख त्यांनी नेऊन गाडग्यात टाकली. पोरीचं कपाळ नि गळा ज्या ओल्या फडक्यानं पुसला, ते फडकंही त्यातच. निरोप पोचून तिसऱ्या दिवशी निकेश आला. वैनगंगेवर गेला, गाडगं सोडून आला. त्याच संध्याकाळी दिव्यानीचा ताप उतरला. आवाजही थांबला.

निघताना निकेश सगळ्यांच्या पाया पडत आमच्याकडे आला. पोरगी अंगणात खेळत होती. तिच्याकडे तो जरा वेळ बघत उभा राहिला, बस.

ट्रेनिंग संपल्यावर मयुरी पोरीला घेऊन गेली. तिला मी इतकंच सांगितलं, "थोडा ताप होता."

महिन्याभरानं फोन वाजला. निकेश. नंबर नानाजींकडून घेतलेला.

"काकू, तुमची नात बरी हाये नं?"

"हो रे. काऊन?"

"मालूम नाई. आठवण येते. घरचं कोणी तिथी राहून गेल्यासारखं वाटते."

तेव्हापासून महिन्यातून एकदा त्याचा फोन येतो. तेवढंच विचारतो. मीही तेवढंच सांगते. पोरगा भला आहे, आणि जिभेवर ठेवलेल्या राखेचं मी त्याच्यापासून लपवते.

आज दुपारी पुन्हा आला.

"काकू, पोरीले ताप हाये काय?"

"नाई रे बापा. सकाळीच बोलली माझ्याशी."

त्यानं फोन ठेवला.

चार वाजता मयुरीचा फोन. दिव्यानीला एकशे तीन ताप आहे. उतरत नाही.

पहाटेच्या एसटीनं मी गडचांदूरला निघतेय. मयुरीला सगळं सांगणार आहे. ती डोळे वटारेल, 'आई, तू पण ना,' म्हणेल. म्हणू दे. या वेळी काही लपवणार नाही.

पिशवी भरून ठेवली आणि हे लिहायला बसले. आताच मोबाइलवर निकेशचा मेसेज आला.

'काकू, मी निघालो. उद्या दुपारपर्यंत गडचांदूरले पोचतो.'

त्याला मी बोलावलेलं नाही.

आणि माझी लेक गडचांदूरला राहते, हे मी त्याला कधीच सांगितलेलं नाही.